वकीलबाईंच्या प्रिंटरला कंठ फुटला

"वायर? कुठल्या जमान्यात राहतेस गं!" सरांनी छाती फुगवली. "दहा मिनिटांत तुझा प्रिंटर वायफायवर आणतो!"

चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांचा स्वतःवर फार विश्वास. त्यांच्या पत्नी वकील. घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. अकरा वाजता एक जोडपं घटस्फोटाच्या करारावर सह्या करायला येणार होतं.

सरांनी प्रिंटरची वायर बाईंच्या कॉम्प्युटरमधून उपटली, राऊटरमध्ये खुपसली, बाईंच्या आणि आतल्या खोलीतल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर काहीबाही दाबलं आणि तिथूनच चाचणीचा कागद धाडला. प्रिंटर ढिम्म! पुन्हा धाडला. ढिम्मच! सरही हटेनात.

अकरा वाजले. जोडपं येऊन खोलीच्या दोन टोकांना बसलं. वकीलबाईंनी करार छापायला दिला. प्रिंटर गप्प.

"अहो!"

त्या एका शब्दाने सरांना दरदरून घाम फुटला. धावत येऊन त्यांनी राऊटर बंद करून चालू केला.

आणि प्रिंटरला कंठ फुटला! सकाळपासून तुंबलेलं सगळं भसाभस बाहेर! एक कागद त्या नवऱ्याने उचलून वाचला, "चाचणी चार. छाप ना बाबा!" दुसरा बायकोच्या पायाशी पडला. "चाचणी नऊ. हात जोडतो, हिला कळायच्या आत छाप!"

वकीलबाई लालबुंद. सर दाराआड. आणि ते जोडपं खो खो हसत सुटलं!

"मीही घरी मशीनशी असाच बोलायचो," नवरा डोळे पुसत म्हणाला.

"मशीनशीच बोलायचास," बायको म्हणाली.

हसू थांबलं. "हो," तो हळूच म्हणाला.

शेवटी करार आला, पण सह्यांच्या पानालाच कागद संपला! "आणतो आम्ही," म्हणत दोघं एकदमच उठली. अर्धा तास झाला, तास झाला, पत्ता नाही.

"जमलं गं त्यांचं!" सर खिडकीतून वाकून बघत म्हणाले. "माझ्या चाचण्यांनी संसार वाचवला!"

"आणि माझी केस बुडवली!" वकीलबाई म्हणाल्या. पण त्याही खिडकीतून रस्ता बघत होत्या.

तेवढ्यात जिन्यात आवाज आला.

"सांगत होते, एवढा मोठा नको!"

"मग दुकानात तूच बोलायचंस!"

आणलेला कागद प्रिंटरला लागतो त्याच्या दुप्पट होता. सरांनी मुकाट्याने कात्री आणली.

"निदान सरळ कापा," वकीलबाई म्हणाल्या.