शेंडगेकाकांची डबल बेल

शेंडगेकाका गाडी सुरू करतात, पण पुढे नेत नाहीत. इंजिन घरघरत असतं, हात स्टिअरिंगवर असतात, समोर रस्ता मोकळा असतो आणि काका शांतपणे बसलेले असतात. मागून कुणीतरी छताखालची दोरी दोनदा ओढायची, त्यांच्या डोक्यावरची घंटी दोनदा वाजायची, मग गाडी हलते. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बेल नाही तर गाडी नाही.

"गाडी डायवर चालवतो, पण न्हेतो कंडक्टर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी त्यांच्या लेखी हा नियम कुणी रद्द केलेला नाही.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली. काकांनी ती घेतली, बाकं काढली आणि आत घर केलं. एक पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी, देवांचा कोनाडा. हिंजवडीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा तिला कॅम्पर म्हणतो. काका म्हणतात, मुक्कामी गाडी. संध्याकाळी आडगावाला जायचं, रात्री तिथेच थांबायचं आणि उजाडताना गावकऱ्यांना घेऊन परतायचं, अशा एसटीला मुक्कामी गाडी म्हणतात. काकांनी तीच चालवली.

मी कात्रजजवळच्या या सोसायटीत गेल्या वर्षी राहायला आलो. त्याच्या थोडं आधी शेंडगेकाकू गेल्या होत्या, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. नवीन माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मला सेक्रेटरी करण्यात आलं. तसा मी जुना झालो तरी मला नाही म्हणता येत नाही. मी स्वभावानेच अपराधी माणूस आहे. रिक्षावाला रस्ता चुकला तरी सॉरी मी म्हणतो. खोटं बोलणं तर मला जमतच नाही. "जेवण कसं झालंय?" या प्रश्नाने माझ्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी पैशावरून झालेली नाहीत.

फाल्गुनात सभा झाली. बंद वाहनं आवारात ठेवायची नाहीत, असा नियम निघाला आणि सगळ्यांनी खिडकीतून त्या मिनीबसकडे पाहिलं. वर्षभर ती जागची हलली नव्हती.

"सेक्रेटरी, आपण सांगा ना त्यांना," लिमयेबाई म्हणाल्या. "चालत असेल तर चालवून दाखवा म्हणावं. नाहीतर वड समजून वटपौर्णिमेला आम्ही सूत गुंडाळतो."

पाडव्यापर्यंत गाडी हलली नाही तर ती उचलून न्यायची, असं ठरलं. हे सांगायचं काम अर्थातच माझं.

काका गाडीच्या पायरीवर बसून काच पुसायचं फडकं पिळत होते. मी चारदा घसा खाकरला.

"काका, गाडी बंद आहे का?"

"बंद? रोज सकाळी इंजिन चालू करतो. आवाज येत न्हाई?"

"येतो. त्याबद्दलही एक तक्रार आहे."

"मग बंद कशी?"

"हलत नाही, असं लोकांचं म्हणणं आहे."

"हलंल की. बेल कोण देणार?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मी लगेच सॉरी म्हणालो.

"तुम्ही देता?" काकांनी विचारलं.

"देतो," मी म्हणालो. "आवारात एक चक्कर मारली तरी पुरे."

"चक्कर मारायला ती काय बाबागाडी हाय? निघाली की मुक्कामालाच जाणार. कपडे घ्या."

अशा रीतीने मी कंडक्टर झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चढलो तर पहिला ओरडा चपलांवरून. पायताणं बाहेर काढायची, दगडापाशी. हा दगड म्हणजे मागच्या चाकाला लावायचा एक काळा, गुळगुळीत धोंडा. गाडी निघताना दगड आणि पायताणं दोन्ही आत घ्यायची, थांबली की दोन्ही बाहेर. दुसरा ओरडा लगेचच. मागच्या बाजूला दोरीखाली एकच जुनं बाक ठेवलेलं होतं, दोन माणसांचं. मी एका जागेवर बसलो आणि शेजारी पिशवी ठेवली.

"मास्तर, पिशवी उचला. ती शीट राखीव हाय."

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणजे ओरडा मलाच होता. पाहिलं तर खिडकीच्या वर लाल रंगात खरंच लिहिलेलं होतं, 'फक्त स्त्रियांसाठी'. अख्ख्या गाडीत आम्ही दोन पुरुष. मी पिशवी मांडीवर घेतली. नियम तो नियम.

"सगळे बसलेत का?" पुढून आवाज आला.

"मी एकटाच आहे, काका."

"सगळे बसलेत का?"

"म्हणजे, मी बसलोय."

इंजिन घरघरत राहिलं. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत माणसं जमली. काकांना हवं असलेलं उत्तर 'बसले' एवढंच होतं. पण एका माणसाला 'सगळे' म्हणणं माझ्या जिभेवर येईना. शेवटी मी काही न बोलता दोरी दोनदा ओढली. काकांनी आरशातून माझ्याकडे नाराजीने पाहिलं आणि गाडी हलली. लिमयेबाईंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. त्या कौतुकाच्या होत्या की नाही, ते पुण्यात सांगता येत नाही.

बोगदा ओलांडून खेड शिवापूरपर्यंत मी शहाण्यासारखा बेल देत गेलो. टोलनाक्यावर डुलकी लागली. जागा झालो तेव्हा पुढचा दांडा वर उचललेला, मागे ट्रकांचे भोंगे, एक माणूस काकांच्या खिडकीशी हातवारे करत ओरडतोय, आणि काका त्याला समजावतायत, "माझ्यावर कशाला ओरडता? मास्तर बेल देत न्हाईत." मी दोरी ओढली आणि खिडकीतून मागच्या सगळ्या ट्रकांना हात जोडले.

भोरच्या पुढे नदीच्या बाजूला एक फाटा लागतो. तिथे पळस पेटलेला होता. पानं नाहीत, नुसता शेंदरी जाळ. पुढे काकांच्या जुन्या ओळखीच्या सोपानरावांचं शेत. बांधावर करंजाला नवी पानं आलेली, इतकी कोवळी की ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. काकांनी आंब्याखाली गाडी लावली, मी चाकाला दगड लावला, त्याच्याशेजारी चपला काढल्या. इंजिन बंद झालं आणि एकदम इतकं शांत झालं की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

सोपानराव आणि त्यांची बायको शालनवहिनी कांदा काढत होते. दोघं हात झटकत आले. वहिनींनी काकांच्या पायांना हात लावला, गाडीच्या दाराकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावून पाणी आणायला गेल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही, कारण काही घडलंच नाही. सकाळी कोकिळा ओरडायची. काका शेगडीवर चहा ठेवायचे, बाहेर येऊन 'चहा-नाश्त्यासाठी गाडी थांबलेली आहे' अशी घोषणा करायचे आणि मग मला एकट्याला चहा द्यायचे. दुपारी मोहोराचा गोड, जड वास यायचा आणि तांबट पक्षी एका लयीत ठोकत राहायचा. वाऱ्याने एखादी बारकी कैरी टपावर पडली की काका झोपेतून विचारायचे, "कोण हाय वर? खाली उतरा." मी पुण्यातल्या तक्रारी आठवायचा प्रयत्न केला, पण त्या येईनात. त्याचंही मला थोडं अपराधी वाटलं.

एका दुपारी मी वहिनींबरोबर कांद्याची पात कापत होतो. म्हणजे त्या कापत होत्या, मी डोळे पुसत होतो.

"काकी बसायच्या तिथंच बसलाय तुम्ही," त्या म्हणाल्या.

"काकू इथे यायच्या?"

"दर वर्साला, फाल्गुनात. काका नोकरीला असताना गाडी हितंच मुक्कामाला असायची. जेवण आमच्याकडं, निजणं गाडीत. रिटायर झाल्यावर काकी म्हणाल्या, जन्मभर ह्यांचा मुक्काम तुमच्याकडं. काय एवढं हाय तिथं, बघू दे मला. म्हणून तर ही गाडी केली त्यांनी." वहिनी हसल्या. "काकी यायच्या त्या घंटी वाजवतच. आमचे ह्ये म्हणायचे, आले मास्तर. काकासुद्धा त्यांना मास्तरच म्हणायचे. नावानं हाक मारलेली म्या कदी ऐकली न्हाई."

मी हातातला कांदा खाली ठेवला. दोरीखालचं ते बाक माझ्या डोळ्यांसमोर आलं. खिडकीकडची ती राखीव जागा, आणि पहिल्या दिवशी तिच्यावर ठेवलेली माझी पिशवी.

"आता गाडी हितंच ऱ्हाणार म्हना," वहिनी पुढे म्हणाल्या.

"इथे? म्हणजे?"

"तुम्हाला ठाव न्हाई? काका म्हणले आमच्या ह्यास्नी, गोठ्यामागं लावून घे. कांदा साठवायला बरी. खिडक्या हायेत, वारं लागंल."

संध्याकाळी मी काकांना गाठलं. ते टायरला पाणी मारत होते.

"काका, गाडी इथे सोडणार?"

"सोसायटीचं काम झालं ना तुमच्या? मग?"

"झालं. पण..."

"उद्या गोठ्यामागं लावू. आपण एसटीनं जाऊ परत." ते पाणी मारत राहिले. "बेल कोण देणार रोज? तुम्हाला तुमची नोकरी हाय. आणि तुम्ही बोलत न्हाई, मास्तर. नुसती दोरी वढता."

माझा प्रश्न सुटला होता. सोसायटीचं आवार मोकळं होणार होतं, लिमयेबाईंना सूत लागणार नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. मी आंब्याखाली उभा राहून त्या गाडीकडे पाहत होतो आणि तिच्यात कांदे भरलेले मला दिसत होते. पलंगावर कांदे, मांडणीवर कांदे, बाकावर कांदे.

सकाळी सोपानराव गोठ्यामागची जागा झाडून उभे राहिले. शेतातून डावीकडे वळलं की गोठा, सरळ गेलं की डांबरी रस्ता. आमच्या पिशव्या अजून गाडीतच होत्या. हाकेच्या अंतरावर तर जायचं, म्हणून मी अनवाणीच चढलो. दगड चाकापासून बाजूला केला, तो तिथेच राहू दिला. काका स्टिअरिंगवर बसले. इंजिन घरघरू लागलं.

"जरा थांबा वो," म्हणत शालनवहिनी धावत आल्या. हातात ताट. त्या मागच्या दाराने चढल्या, माझ्याकडे न बघता पुढे झाल्या आणि त्या राखीव जागेसमोर उभ्या राहिल्या. बाकाच्या पाठीला त्यांनी हळदकुंकू लावलं. मग खण पसरला, त्यावर तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि नारळाशेजारी देठासकट दोन कैऱ्या. माहेरवाशीण सासरी निघताना तिची भरतात तशी ओटी.

"दर वर्साला निघताना भरत आले," त्या म्हणाल्या. "काकी, या पुन्हा." आणि उतरून गेल्या.

पुढच्या आरशात मला काकांचे फक्त डोळे दिसत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी विचारलं, नेहमीपेक्षा हळू,

"मास्तर, सगळे बसलेत का?"

मी शेजारच्या जागेकडे पाहिलं. उन्हाचा कवडसा खणावर पडला होता. गाडीच्या थरथरीने तांदळाचे दाणे जरा जरा हलत होते.

"बसले, काका," मी म्हणालो. "सगळे बसले."

आणि दोरी दोनदा ओढली.

गाडी निघाली. गोठ्यापाशी सोपानराव हात उंचावून डावीकडे खुणावत होते. काकांनी त्यांना हॉर्न दिला, लांबलचक, एसटीसारखा, आणि गाडी डावीकडे न वळता सरळ डांबरी रस्त्याला लागली. पुण्याच्या दिशेने.

फाटा ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं की दगड आंब्याखाली राहिला. आणि माझ्या चपलाही. एक बेल दिली असती तर गाडी तिथल्या तिथे थांबली असती.

मी नारळ घरंगळू नये म्हणून त्याच्यावर हात ठेवला आणि दोरीला काही हात लावला नाही.