न मोडलेला सोमवार

“सोमवारी दिवा लागूस्तवर तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. आभाळ कोसळलं तरी न्हाई. ध्यानात ठेव.”

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या मंगलला तिच्या आईनं, चंद्राबाईनं, हे बजावलं होतं. मंगलनं ते असं ध्यानात ठेवलं की पंधरा वर्षांत एक सोमवार मोडला नाही. एकदा मोरीतून नाग निघाला, तर तिनं परातीवर उलथनं बडवून गल्ली गोळा केली, पण ‘साप’ म्हणाली नाही. शेजारच्या तानुबाईला वाटलं आरती चाललीय, ती टाळ्या वाजवतच आत आली. फौजेतला नवरा कृष्णात सोमवारी फोन करायचा, तेव्हा मंगल फोनवर नखानं टकटक करायची. एक टकटक म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाई. “यापरीस आमचा वायरलेस बरा,” असं तो म्हणायचा. मंगल त्यावर एकदा टकटक करायची.

तिला या सोमवारांचा अभिमान होता. बोलून दाखवायची सोय नव्हती एवढंच.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी तिची सृष्टी, आठवीतली, शाळेतून आली ती दप्तर कमरेमागं धरून. सरळ न्हाणीत गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला.

“गणिताच्या सरांनी फळ्यावर बोलावलं,” ती आतूनच म्हणाली. “मी उठले न्हाई.”

“का गं?”

“कशी उठू? सलवार मागनं समदी भरलीवती.”

सरांनी तीनदा बोलावलं, ती तीनदा बसून राहिली. सरांनी डायरीत ‘उद्धट’ असा शेरा मारला आणि पालकांनी सोमवारी दहा वाजता वर्गशिक्षिका रेश्मा मॅडमना भेटावं असं लिहिलं. वर्ग रिकामा होईपर्यंत पोर बाकावरून हलली नव्हती.

“मी आता शाळेत जाणार न्हाई.”

मंगलनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. “आगं, समद्या पोरींना हुतं हे. मलाबी झालंवतं. त्यापायी कुणी शाळा सोडतंय व्हय? मी येते. रेश्मा मॅडमशी मी बोलते. बाईमाणूस हाय, त्यांना लगेच कळंल. तो शेरा खोडायला लावते.”

“नक्की बोलशील?”

“बोलते म्हणलं न्हवं.”

सृष्टी त्या रात्री दोन भाकरी जेवली. मंगलच्या मात्र भांडी घासताना ध्यानात आलं, की सोमवारी म्हणजे सोमवारी.

पण ती काही डगमगली नाही. भजनी मंडळाच्या वहीतले सगळे अभंग तिच्या अक्षरात होते. रविवारी तिनं वहीचं पान फाडलं, झालं ते सगळं सुवाच्य लिहिलं, चार घड्या घातल्या आणि वर लिहिलं: ‘फक्त रेश्मा मॅडम यांच्यासाठी.’

“मम्मी, मंगळवारी गेलो तर?”

“सोमवारी बोलावलंय. लिहिलं काय अन् बोललं काय, येकच.”

सोमवारी बेल वाहून ती सृष्टीला घेऊन कोरेगावच्या शाळेत पोचली. पोर वर्गात गेली. शिपाई बाळासोनं मंगलला सांगितलं, की रेश्मा मॅडम मतदारयादीच्या कामाला गेल्यात, आठवडाभर येत नाहीत. “तुमचं काय काम हुतं?”

मंगलनं तोंडाकडे बोट दाखवून हात जोडले.

“आरारा,” बाळासो म्हणाला आणि तिला हेडसरांच्या खोलीत घेऊन गेला. “सर, ह्या मुक्या हायेत. ऐकूबी येत नसंल.”

हेडसर मनानं चांगले होते. तिथंच घोटाळा झाला. ते खुर्चीतून उठले आणि बाजारपेठेत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ता-ई, ब-सा!” मग त्यांची नजर तिच्या हातातल्या चिठ्ठीवर गेली. त्यांनी हात पुढं केला. मंगलनं चिठ्ठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. हेडसरांना वाटलं, बिचारी नमस्कार करून देतेय. “राहू द्या, राहू द्या,” म्हणत त्यांनी ती हळूच ओढून घेतली.

आणि तिला ओठांवरून कळावं म्हणून, तिच्या तोंडासमोर तोंड धरून, ते मोठ्यानं वाचू लागले.

खिडकी व्हरांड्यात उघडत होती. व्हरांड्यापलीकडे आठवी ब, सृष्टीचाच वर्ग. तास रेश्मा मॅडमचा, म्हणजे वर्गात शिक्षक नाही. साठ मुलं कान देऊन बसली.

“मा-न-नी-य मॅडम, स-प्रे-म न-म-स्का-र...”

मंगलनं दोन्ही हात हलवले.

“पानी मागत्यात,” बाळासो म्हणाला आणि तांब्या घेऊन आला. तिनं तांब्या ढकलला, पाणी टेबलावर सांडलं.

“फेफरं आलं वाटतं. कांदा आणा,” हेडसर म्हणाले.

बाळासो खिचडीच्या खोलीतून कांदा घेऊन आला, फोडून तिच्या नाकाला लावला. तिचे डोळे वाहायला लागले. हेडसरांनी तोवर पाचवी ओळ गाठली होती.

“... स-ल-वा-र मा-गू-न भ-र-ली अ-स-ल्या-नं मा-झी सृ-ष्टी...”

‘सर, नको.’ दोनच शब्द. ते मंगलच्या दातांपर्यंत आले. पण त्यांच्यापुढं पंधरा वर्षांचे सोमवार आडवे उभे राहिले. तिनं ते दोन शब्द गिळले.

व्हरांड्यापलीकडे आधी एकच पोरगं हसलं. मग सगळा वर्ग.

दारात सृष्टी येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. “सर, ती मुकी न्हाई.”

“काय?”

“तिला बोलता येतं. ऐकूबी येतं.”

हेडसरांनी चिठ्ठीकडे बघितलं, मंगलकडे बघितलं, मग कांद्याकडे. “मग बोलल्या का नाहीत?”

“आज सोमवार हाय,” सृष्टी म्हणाली.

हेडसरांनी चिठ्ठीची भलतीकडेच घडी घातली आणि परत दिली. शेऱ्याचं मॅडम आल्यावर बघू, असं ते हळू आवाजात म्हणाले.

संध्याकाळी दिवा लागला. मंगल म्हणाली, “सृष्टी...”

“बोल की आता. दिवा लागला,” सृष्टी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

दप्तर आठवडाभर खुंटीवर राहिलं. मंगलनं गोडाचा शिरा केला, तो तानुबाईच्या नातवंडांनी खाल्ला. शनिवारी सृष्टीची मैत्रीण शिवांजली सांगून गेली, की मॅडम सोमवारी येणार. ती गेल्यावर सृष्टी म्हणाली, “तू मंगळवारी जा. तुझा सोमवार कशाला मोडतीस?”

मंगल काहीच बोलली नाही. आणि तो काही सोमवार नव्हता.

सोमवारी ती पहाटे उठली, अंघोळ केली, बेल वाहिला. देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. चिठ्ठी लिहिली नव्हती. सृष्टी पांघरुणात जागी होती, डोळे मिटून.

मंगलनं हळूच कडी काढली.

अंगण झाडणाऱ्या तानुबाईनं सोमवारच्या सवयीनं, न बोलता, हातानंच विचारलं: कुठं?

“शाळेत,” मंगल म्हणाली. आवाज घोगरा आला. “रेश्मा मॅडमशी बोलायला.”

तानुबाईच्या हातातला खराटा थांबला. तिनं हातानंच खूण केली: जा.

मंगल एसटीच्या थांब्याकडं निघाली. ‘मॅडम, मी सृष्टीची आई.’ पहिलं वाक्य एवढंच होतं. थांबा येईपर्यंत तिनं ते तीनदा म्हणून बघितलं.