आत्याआजीची बसकी सायकल

प्रिय अर्णव, प्रिय तन्वी,

परवा अर्णवने नव्या सायकलचा फोटो पाठवला. डोंगरात चालवायची सायकल, पुढचं चाक मोठं, मागचं लहान. खाली लिहिलं होतं, "आजी, हे अगदी नवीन आहे, तुला समजायला जरा अवघड जाईल." बाळा, अशी सायकल गेली काही वर्षं इथे सुरतेत, आपल्या उधन्याच्या इमारतीत, पार्किंगमध्ये उभी आहे. तुझी दुकानातूनच तशी आली. आपली तशी का झाली, ते फोनवर सांगता येणार नाही, कारण मी फोनवर बोलत असते तेव्हा आत्याआजी मागे उभी राहून सगळं ऐकते. म्हणून लिहायला बसले.

तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण कुमुद, आपल्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. तिने लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवला. शाळा सुटली, भूगोल सुटला नाही. डावं-उजवं हे शब्द तिला अपुरे वाटतात. माझ्या स्वयंपाकघरात येऊन मलाच सांगते, "वहिनी, तुमचा हिंग वायव्येच्या फळीवर आहे." रिक्षात बसली की म्हणते, "आता ईशान्येला वळा." एकदा रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली आणि शांतपणे विचारलं, "मासी, डाबी बाजू के जमणी?" तिने त्याला वर सूर्य दाखवला. दुपारचे बारा वाजले होते, त्यामुळे सूर्याचाही काही उपयोग झाला नाही.

तिचं लाडकं वाक्य एकच: "उंची सापेक्ष असते." आजोबांच्या घरातली सगळी माणसं उंचीला बेताची, ही एकटी ताडमाड. शाळेत असतानाच ती मोठ्या भावाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली, तेव्हापासून त्याची समजूत घालायला हे वाक्य वापरत आली. "तुला काय जातंय बोलायला, कुमे," आजोबा म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर तिने डोंगरात चालवायची सायकल घेतली. सुरतेत. इथे जमीन इतकी सपाट की सांडलेला चहासुद्धा कुठे वाहावं याचा विचार करत बसतो. दुकानदाराने विचारलं, "बेन, अहीं पर्वत क्यां छे?" तिने त्याला ते वाक्य ऐकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शहरातले उड्डाणपूल घाट समजून चढायला सुरुवात केली. एका पुलाचं नाव कन्नडचा घाट, दुसऱ्याचं कसारा. परत आली की जिन्यातूनच सांगायची, "आज कसाऱ्यात फार ट्रॅफिक." खालच्या मजल्यावरच्या जिग्नाबेनना बरेच दिवस वाटत होतं की आमची कुमुद रोज पहाटे नाशिकच्या पलीकडे जाते आणि दूध तापायच्या आत परत येते.

मग आजोबा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, ते तुम्हाला आठवत असेल. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, जमेल तशी सायकलही चालवा. पण हाड जुळलं तरी मनातली भीती गेली नाही. ज्या माणसाने सगळी नोकरी सायकलवरून केली, तो खिडकीशी खुर्ची लावून बसला तो बसलाच. आम्ही त्यांच्यासाठी एक बुटकी सायकल आणली. "ही म्हाताऱ्यांची आहे," म्हणाले आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. कुमुदची सायकल त्यांना मनातून आवडायची. एकदा खाली येऊन तिच्यावर बसलेसुद्धा. सीट पार खाली केली होती, तरी पाय तरंगत राहिले. ते उतरले आणि वर आले. त्यानंतर खिडकीचा पडदाही त्यांनी ओढून घेतला. आता हे खुर्चीतून उठणार नाहीत असं मला वाटायला लागलं होतं. कुमुदला मी ते बोलून दाखवलं. ती उठून खाली सायकलपाशी गेली. ती दिशा न सांगता निघाली की मला काळजी वाटते.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या लिंबायतहून सुकलाल आला. हा जळगावकडचा सायकलवाला, वर्षानुवर्षं आपल्या पार्किंगमध्ये येऊन दुरुस्त्या करतो. त्याच्या खांद्यावर एक लहान चाक होतं. कुमुदच्या सायकलचं मागचं मोठं चाक काढून त्याने ते बसवलं. डिस्क ब्रेकमुळे ते जमतं, असं तो म्हणाला. सायकलचं तोंड वर आणि बूड खाली झालं. सुकलाल मागे सरून बघत राहिला. "मावशी, हाई काय करी ऱ्हायनी तू?" वॉचमन म्हणाला, "बेन, सायकल बेसी गई."

कुमुद तडक वर आली आणि आजोबांच्या खुर्चीसमोर वर्गात उभी राहते तशी उभी राहिली.

"दादा, परदेशात डोंगर उतरणारे लोक आता पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान लावतात. मोठं चाक दगडावरून सहज जातं, लहान चाक चटकन वळतं. मी तसं करून घेतलंय. पण याची चाचणी घ्यायला मी चालत नाही. मी उंच पडते. सायकलची जाण असलेला, बेताच्या उंचीचा माणूस हवा."

"बेताच्या?"

"उंची सापेक्ष असते."

"दुसरा कुणीतरी बघ, कुमे."

"बघितला. जिग्नाबेनचे मिस्टर तयार आहेत."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला स्कूटर स्टँडला लावता येत नाही," ते म्हणाले. आणि काठी शोधायला लागले.

खाली आल्यावर ते सीटवर बसले आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. त्यांनी ते खाली वाकून पाहिलं. कुमुद मुद्दाम लांब, खांबाशी हात मागे बांधून उभी होती. आजोबांनी पेडल मारलं. पार्किंगला एक फेरी घालून ते परत आले. चेहरा गंभीर.

"वळताना पेडल घासतं."

"नोंद घेतली," कुमुद म्हणाली.

त्यानंतर दोन वर्षं ही चाचणी चालली. रोज सकाळी आजोबा बूट घालून खाली जायचे आणि काहीतरी खोट काढून वर यायचे. ब्रेक रडतो. घंटी नको तिथे आहे. पुढे पुढे तर, "सीट किंचित आग्नेयेकडे झुकलीय," असंही म्हणायला लागले. आधी पार्किंग, मग गल्ली, मग भाजीवाल्यापर्यंत. कधी मेथी घेऊन यायचे, कधी भाजीवाल्याच्या घरची बातमी. कुमुद प्रत्येक वेळी नोंद घ्यायची आणि काहीही दुरुस्त करायची नाही. त्यांनीही सायकल कधी पास केली नाही. पास केली असती तर चाचणी संपली असती.

त्याच सायकलवर कुमुद तिचे घाट चढत होती, गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून. मी म्हटलं, "अगं, तुझ्या वेळेला सीट तरी वर करत जा." तर म्हणाली, "वहिनी, चाचणी चालू असताना काही बदलायचं नसतं."

गेल्या वर्षी आजोबा गेले. आदल्या दिवशी सकाळीही ते भाजीवाल्यापर्यंत जाऊन आले होते. तुम्ही येऊन गेलात, घर पुन्हा रिकामं झालं, आणि मग एका सकाळी सुकलाल ते जुनं मोठं चाक घेऊन दारात आला. कुमुद माझ्याकडेच चहा घेत होती.

"मावशी, हे लावून देऊ का आता?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दादांचे पाय टेकायला पाहिजेत पण त्यांना कळायला नको, असं मावशीचं म्हणणं होतं. त्यांची भीती गेली की हे परत लावायचं ठरलं होतं. मी जपून ठेवलंय."

मला अंदाज होता. शब्दांत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. परदेशातल्या डोंगरांबद्दल ती बोलली ते सगळं खरं होतं. फक्त तिने चाक बदललं ते त्यासाठी नव्हतं.

कुमुदने कप खाली ठेवला. "राहू दे, सुकलाल," ती म्हणाली. "चाचणी अजून चालू आहे." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वहिनी, तुमची उंची किती हो?"

मुलांनो, मी कॉलेजला सायकलने जात असे, हे तुमच्या बाबालाही माहीत नाही. आता रोज सकाळी मी पार्किंगला फेऱ्या घालते. माझेही पाय टेकतात. कुमुद खांबाशी हात मागे बांधून उभी असते. एकदा थांबून मी तिला म्हटलं, "कुमुद, तुझ्यामुळे ते खुर्चीतून उठले. ती दोन वर्षं तू आम्हाला दिलीस."

"नोंद घेतली," ती म्हणाली आणि तिने तोंड नैर्ऋत्येकडे वळवलं. तिकडे फक्त पाण्याची टाकी आहे.

मोठं चाक तिच्या बाल्कनीत टांगलंय, त्यावर कारल्याचा वेल चढलाय. सायकल आहे तशीच आहे, पुढचं चाक मोठं, मागचं लहान. वळताना पेडल अजून घासतं.