पाय मळवण्याचे निकष

कोणतंही वचन समजून घ्यायचं तर आधी त्याचा काळ समजून घ्यावा लागतो, आणि काळ समजून घ्यायचा तर समिती नेमावी लागते. उचगावजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये ती आहे. (मी साठीनंतर अक्षरं शिकलो. सावकाश वाचतो, म्हणून समितीत विचारवंत धरला जातो.)

येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले. म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या सांजेला पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. पण आपल्याकडे पाय धुतात ते जावयाचे. त्यामुळे निवडलेली माणसं घरूनच पाय साबणानं घासून येत आणि जावयासारखी बसत. गेल्या वर्षी जोतीराम तर टॉवेल जुना निघाला म्हणून रुसला.

समितीचे अध्यक्ष गणपतराव, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी काळ तपासला. तेव्हा रस्ते धुळीचे, पायात चपला. सबब ठराव झाला: यंदा पाय मळवून यावे. यरुशलेमची धूळ मिळत नसल्यास हातकणंगले स्टेशनाबाहेरची समकक्ष मानावी. इचलकरंजीच्या मागाचा पायाला चिकटलेला कापूस ग्राह्य नाही. बुटातला घाम विचाराधीन.

अकरा पुरुष ठरावाप्रमाणे मळून आले. बारावी बनाबाई. तिचं नाव पहिल्यांदाच निघालं होतं. म्हशीची धार काढून ती तशीच आली, पायाला शेण.

"शेण चालणार नाही," गणपतराव म्हणाले. "शास्त्रात म्हशीचा उल्लेख नाही."

"गाढवाचा हाय न्हवं? मग त्येची लीद थापून येऊ व्हय? अवो गुरुजी, जन्मात माझं पाय कुणी धुतलं न्हाईत. यंदा धुवा की!"

प्रश्न गंभीर होता. तेवढ्यात पाळकसाहेबांची कंबर धरली. (मळ बघून धरली, असं काही जण म्हणतात. ते संदर्भ सोडून बोलणं झालं.) आता धुणार कोण? पुन्हा काळ तपासला. त्या काळी पाय धुणं हे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम असे. सगळ्यांनी एकमतानं बनाबाईकडे बघितलं.

"धुतो की," पदर खोचत बनाबाई म्हणाली. "पर गोष्टीत धुणारा कोण व्हता, गुरुजी? म्हंजे प्रभूच्या जागंवर मी आलो न्हवं? मग आधी उठून हुबं ऱ्हावा समदी!"

विषय तहकूब झाला. अकरा जण घरी जाऊन आपापले पाय धुऊन मोकळे झाले. बनाबाई चर्चच्या पायरीवर बसून आहे.

तुम्हालाही तिचंच बरोबर वाटलं असेल. छान. तांब्या नळाजवळ आहे. (बरोबर वाटणारे आतापर्यंत पुष्कळ येऊन गेले. तांब्या कोरडा आहे.)