उपवासाचं वकीलपत्र

आमच्या शेजारचे गुंडूअण्णा दुसऱ्यांचे उपवास करतात.

हे वाक्य पाहुण्यांना सांगितलं की ते मला पुन्हा म्हणायला लावतात. पण त्यात चूक काही नाही. धारवाडच्या आमच्या गल्लीत कुणाला शुगर निघाली, कुणाला डॉक्टरांनी उपाशी राहायला बंदी केली, की ती बाई अण्णांच्या दारात उभी राहते. ‘अण्णा, माझी संकष्टी तेवढी बघा की.’ अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. ते निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. पायरीवर बसून ते सगळं म्हणणं ऐकून घेतात आणि निकाल देतात, ‘वकीलपत्र घेतलं. हजेरी माझी, पुण्य तुमचं.’

बाई निश्चिंत मनानं घरी जाऊन जेवते.

अशी त्यांच्याकडं कुलकर्णीकाकूंची संकष्टी आली, कोपऱ्यावरच्या बाईंचा गुरुवार आला, कुणाकुणाच्या एकादश्या आल्या. अळणावरला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा सोमवार तर आधीपासून होताच. स्वतःचा मात्र एकही उपवास नाही. ‘मला कशाला? माझी देवाकडं काही केस नाही.’

पद्धतही त्यांचीच. दिवसभर पोटात काही नाही. खुर्चीतून हलायचंही नाही, कारण हललं की भूक लागते. रात्री मात्र तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, वर शेंगदाण्याचे लाडू. काही वर्षं पोट पुढं पुढं येत गेलं. मग एका चातुर्मासात धंदा फारच वाढला, रात्रीची खिचडीही बंद झाली, आणि अण्णा बघता बघता वाळले. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. मला वाटलं, तब्येत सुधारली.

मग उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या, तपासणीत खडे निघाले. ‘खडे’ एवढं कानावर पडताच गल्लीनं हुलग्याच्या कढणाची भांडी पाठवली. अण्णांनी ती इमानानं संपवली. मी त्यांना हुबळीला देशपांडे नगरातल्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा कळलं, की कढण पाजतात ते मूतखड्याला, आणि यांचे खडे पित्ताशयात. गल्लीचा अवयवच चुकला होता.

‘वजन वाढणं, बसून राहणं, तेलकट-तुपकट खाणं, यानं हे खडे होतात,’ डॉक्टर म्हणाले.

‘बरोबर,’ अण्णा माझ्या पोटाकडं बघून म्हणाले. ‘पण मी तर उपाशी असतो.’

‘त्यानंही होतात. जेवलं नाही की पित्ताशय रिकामं होत नाही, पित्त साचून घट्ट होतं. वजन झपाट्यानं उतरलं तरी होतात.’

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. ‘म्हणजे साहेब, खाल्लं तरी खडे, नाही खाल्लं तरी खडे. मग निर्दोष कोण?’

‘वेळेवर आणि बेतानं जेवणारा. ऑपरेशन करावं लागेल बहुतेक. पण आधी हे उपाशी राहणं बंद.’

बाहेर पडलो तेव्हा दोघांचंही डोकं चक्रावलं होतं. उपवासानं रोग जातात असं जन्मभर ऐकलेलं. त्यातून खाण्यावर आडवा हात मारणारा मी बिनखड्याचा, आणि हे उपाशीतापाशी माणूस खड्यांचे धनी. कोपऱ्यावर मिरची भजी तळत होते. अण्णांनी एक भजं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. ‘हे खाऊ काय नको रे? डॉक्टर नेमकं काय म्हणायलेत, तुला तरी कळलं काय?’ मला कळलं नव्हतं. ते भजंही मीच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दारोदार जाऊन वकीलपत्रं परत केली. सगळी केली, पण अक्काचा सोमवार ठेवला. सोमवारी दुपारी मी गेलो तर भाकरी-भाजी ताटात झाकलेली आणि अण्णा खुर्चीत ताठ.

मी भडकलो. ‘मरायचंय काय तुम्हाला?’

‘अक्का शुगरची गोळी घेऊन उपाशी राहायची. एकदा चुलीपुढंच घेरी येऊन पडली. सोमवार सोड म्हटलं तर ऐकतीय होय? मी धरला, तेव्हा जेवायला लागली. मी सोडला की ती धरणार.’

‘मग खोटं सांगा. जेवा आणि उपाशी आहे म्हणा.’

‘देवाला सांगायला जमंल. तिला आवाजावरनं कळतंय.’

मग त्यांनी ताट जरा बाजूला सरकवलं. ‘आई गेली तेव्हा मी लहान. अप्पा लाकडाच्या वखारीत. भाकऱ्या कमी पडल्या की अक्काला नेमका उपवास असायचा. आपली अक्का लई देवभक्त म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरायचो. उगादीला, आपल्या पाडव्याला, पुरणाची होळगी केली, तर त्या दिवशी पण तिला उपवास! आता उगादीला कुणाला उपवास असतोय काय रे? मला कोर्टात नोकरी लागल्यावर एकदा हे डोक्यात आलं. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.’

 मी जरा ओरडूनच म्हणालो, ‘सोमवार मला द्या.’

‘तुला?’

‘होय, मला. वकील बदलता येतो की नाही?’

अण्णा गोंधळले. ‘आणि तुला खडे झाले म्हणजे?’

‘डॉक्टरांना विचारून धरतो. रात्री खिचडी नाही, लाडू नाहीत.’

तेवढ्यात फोन आला. सोमवारी या वेळेला अक्काचाच असतो. ‘अक्का, आजपासनं सोमवार शेजारच्यानं धरलाय. होय गं, चांगला माणूस आहे. थोडा जाड आहे. पण धरतोय नीट.’ मग ते पलीकडचं ऐकू लागले.

‘काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘म्हणती, मग तू पण जेव की माझ्यासंगट.’

त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. एका हातानं फोन कानाशी धरून दुसऱ्या हातानं भाकरी मोडली आणि पहिला घास तोंडात घालून तसेच थांबले. पलीकडून अक्काच्या भांड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. ‘हं, घेतला घास,’ अण्णा फोनमध्ये म्हणाले. ‘आता तू घे.’