आरशासमोर चार मैल

"बैलगाडी नको," एवढंच मी म्हणालो होतो. कचेरीत मी दिवसभर याहून कितीतरी जास्त बोलतो आणि त्यातून आजवर काहीही घडलेलं नाही. घरात मात्र दोन शब्द बोललो आणि माझं पुढचं सगळं आयुष्य ट्रेलरला जोडलं गेलं.

त्याचं असं झालं. माझी मेहुणी मालू हिचं लग्न ठरलं. मुलगा चिरनेरचा, लग्न कोनला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला. साखरपुड्याच्या दिवशी मुलाची आत्या हौसाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "रुखवतात आरशाचं कपाट हाय ना? न आरसा कसा? निस्ता तोंड बघायचा का अंगभर?"

सासरेबुवा बिडीसाठी खिसे चाचपायला लागले. मालू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली. तेव्हा माझी बायको मैना पुढे झाली आणि म्हणाली, "अंगभर. पनवेलहून येईल. माझा शब्द आहे."

कपाट आमच्या पनवेलच्या सुताराने झकास केलं. आरसा मुंबईहून आला. त्यात माणूस डोक्यापासून चपलांपर्यंत दिसायचा, आणि चपला जुन्या असतील तर जरा जास्तच दिसायचा. सासरेबुवांचा, बुधाजींचा, निरोप आला की शुक्रवारी बैलगाडी घेऊन येतो, कपाट घेऊन जातो. त्यावर मी ते दोन शब्द बोललो.

"मग कशातून नेणार?" मैनाने विचारलं.

"मोटारीतून."

"कोणाच्या?" (बायकांना नको तिथे तपशील लागतात.)

शेजारी सॉलोमन आपटेकरचं गॅरेज होतं. लढाई संपल्यावर मिलिटरीने जे जे विकायला काढलं त्यातली एक पिकअप त्याच्याकडे होती. पण कपाटाबरोबर मैना धरून तिच्याकडच्या नऊ बायका आणि लाडवांचे सहा डबे जायचे होते. पिकअपचा हौदा त्यांनाच पुरेना. तेव्हा मला सॉलोमनच्या परसातला ट्रेलर आठवला. तोही मिलिटरीतलाच, दोन चाकांचा. पिकअपबरोबर फुकट मिळाला होता आणि तेव्हापासून त्यात सॉलोमनच्या आईच्या, झिल्पाबाईंच्या, कोंबड्या राहात होत्या.

"मी इंजिनाचा माणूस," सॉलोमन म्हणाला. "मोटार पळवून देतो. तिच्या मागे काय बांधायचं ते तुम्ही बघा, कमळाकरराव. मी आयुष्यात कधी काही ओढलेलं नाही."

कोंबड्या हलवल्या तेव्हा त्यांच्या खाली एक इंग्रजी पुस्तक सापडलं. ट्रेलर ओढण्याविषयीचं, खास मिलिटरीने काढलेलं! मी ते पुसून रात्रभर वाचलं. त्यात एके ठिकाणी स्पष्ट लिहिलं होतं की ओझं ठेवताना विशेष काळजी घ्यावी आणि ते नेहमी ट्रेलरच्या... इथे पान संपत होतं. पुढचं पान कोंबडीने अंड्याखाली घेतलं होतं आणि ते वाचण्याच्या पलीकडे गेलं होतं.

पण मी बारा वर्षं तालुका कचेरीत कारकून आहे. अर्धवट कागदावरून पुरा निर्णय घेणं हे आमचं रोजचं काम. मी विचार केला, ओझं पुढे ठेवलं तर ते पिकअपच्या पाठीवर येईल. बिचारीने ओढायचं की उचलायचं? तेव्हा ओझं मागे, अगदी शेवटच्या टोकाला.

मंगळवारी कचेरी सुटल्यावर पहिली चाचणी घेतली. कपाटाच्या जागी वाळूची तीन पोती ठेवली आणि आरशाच्या जागी पाण्याने काठोकाठ भरलेली एक घागर. (ही कल्पना माझीच. पाणी किती सांडतं त्यावरून आरशाला किती धक्का बसेल ते कळतं.) गाढी नदीच्या पुलापर्यंत सगळं ठीक होतं. मग सॉलोमनने जरा वेग वाढवला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग जास्त, मग इतकं की समोरून येणारा सायकलवाला न सांगता शेतात उतरला.

घागर अर्धी परत आली.

"पिकअपचे पाटे नरम आहेत," मी निदान केलं. चाकांवर त्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या असतात ना, एकीवर एक, ते पाटे. सगळी गाडी त्यांच्यावर झुलते. पुस्तकात या व्यवस्थेला सस्पेन्शन म्हटलं होतं. (कचेरीत हा शब्द निघाला की मी लगेच फायलीत डोकं घालतो. इथे मी तो मोठ्या आनंदाने चारदा उच्चारला.)

सॉलोमनने बुधवारी दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले. आता पिकअप अशी टणक झाली की प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघं टपावर डोकं आपटून खाली येत होतो. ट्रेलरला मात्र काही फरक पडला नाही. तो पहिल्यासारखाच नाचत होता. घागर पाव भरलेली परत आली आणि तिला पोचा पडला होता.

गुरुवारी टायरमधली हवा वाढवून पाहिली, मग कमी करून पाहिली. त्या दिवशी घागर परत आलीच नाही.

"कुठे आहे?" मैनाने विचारलं.

"पळस्प्याच्या अलीकडे. नक्की जागा सांगता येणार नाही."

"माझ्या आईची होती ती."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, रागावलेल्या मैनाची मला सवय आहे. पण ती हळूच म्हणाली, "अहो, ती घागर तांब्याची होती. आरसा काचेचा आहे. मी शब्द दिलाय हो. तो फुटला तर मालूला ती माणसं जन्मभर ऐकवतील."

मला मनापासून वाईट वाटलं. त्याच क्षणी "बैलगाडी बोलावू" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस," आणि सुताराला बोलावून कपाटाचे चारही पाय ट्रेलरच्या फळ्यांना चांगले सहा-सहा इंची खिळे मारून पक्के करून घेतले. मागच्या टोकाला. आरसा पुढे, पिकअपकडे तोंड करून.

शुक्रवारी दुपारी सासरेबुवा बैलगाडी घेऊन हजर झाले. "बाजाराला आलतो," म्हणाले. गाडीत बाजाराचं काही दिसत नव्हतं, नुसतं गवत होतं, आरसा ठेवायला अंथरतात तसं. ते ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले आणि त्याचा पुढचा दांडा त्यांनी एका बोटाने उचलला.

"जावईबापू, गाडी उलाळ हाय."

"म्हणजे?"

"मागला जड, फुडला हलका. अशी गाडी रस्त्यान चालत नाय, नाचते. शेतावरच्या पोरालाबी ठावं हाय."

"मामा, ही बैलगाडी नाही."

"बैल नाय, ते दिसतंय," सासरेबुवा म्हणाले आणि त्यांनी बिडी पेटवली.

साडेचारला आम्ही निघालो. सॉलोमनने आधीच बजावलं होतं, "कमळाकरराव, आज शुक्रवार. सूर्य मावळला की आम्हा यहुद्यांचा शब्बाथ लागतो, मग गाडी चालवायची नाही; त्याच्या आत मी घरात पाहिजे. आई दिवा लावून दारात उभी राहते." कोन सहा मैलांच्या आत. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. मी त्याला खुशाल वचन दिलं.

नऊ बायका हौद्यात बसल्या होत्या आणि बरोब्बर समोर अंगभर आरसा होता. त्यामुळे पहिला मैल अतिशय शांततेत गेला. जी ती पदर सारखा करत होती, नथ बघत होती. पूल ओलांडला, उतार लागला, आणि ट्रेलरने शेपूट हलवलं. आरशातल्या नऊ बायका एकदम डावीकडे निघून गेल्या. मग परत आल्या आणि उजवीकडे गेल्या.

"मी गेले! मी आरशातून गेले!" मैनाची सखूआत्या ओरडली.

उन्हाचा कवडसा शेताशेतांतून धावायला लागला. मैना पिकअपच्या टपावर दोन्ही हातांनी धपाधप मारत होती. सॉलोमनने गाडी थांबवली तेव्हा ट्रेलरचं एक चाक रस्त्याखाली उतरलं होतं. आरसा शाबूत होता. चौकटीचा एक खिळा मात्र अर्धा बाहेर आला होता.

मैना खाली उतरली आणि ट्रेलरवर चढून आरशाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. मी पुस्तक काढलं. टायरमधली हवा कमी केली. वाढवली. पुस्तक उलटं धरून पाहिलं. सॉलोमन सारखा सूर्याकडे बघत होता. कपाट पुढे सरकवावं तर खिळे सहा इंची आणि पकड घरी राहिलेली. असा अर्धा तास गेला आणि मागून घुंगरांचा आवाज आला.

सासरेबुवा आपल्या बैलांच्या चालीने आरामात येऊन पोचले. त्यांनी ट्रेलर पिकअपपासून सोडवायला लावला आणि पुन्हा एका बोटाने दांडा उचलला.

या खेपेला मीच म्हणालो, "मामा, काय करायचं?"

"फुडं वजन टाका. दांडा जरा दाबला पायजे."

"दगड टाकू?"

"दगड उडंल नि आरशान जाईल. उडणार नाय असा पायजे. न कपाटालाबी धरून ठेवंल असा." ते विचार करत इकडे तिकडे बघू लागले. नऊ बायकांवरून त्यांची नजर फिरली, सॉलोमनवरून फिरली (तो गाडी चालवणार होता), आणि माझ्यावर येऊन थांबली. बाजारात भाताचं पोतं बघतात तसं त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पावणेदोन मण," ते म्हणाले. "जरा ढिला हाय, पन चालंल."

मैना पुन्हा हौद्यात गेली आणि मी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसलो. पाठ पिकअपला, तोंड आरशाला, दोन्ही हात लांबवून कपाट घट्ट धरलेलं. सासरेबुवा सॉलोमनशेजारी माझ्या जागेवर बसले, त्यांचे बैल घरची वाट ओळखून मागून आपले येणार होते. सॉलोमनने भीत भीत वेग वाढवला. आणि काय सांगू! तो ट्रेलर असा सरळ चालायला लागला, जसं कचेरीतल्या शिपायाने साहेबांच्या मागून चालावं.

पुढचे चार मैल मी स्वतःकडे बघत होतो. आपला चेहरा सलग इतका वेळ बघायची वेळ सहसा कोणावर येत नाही, आणि येऊ नये. पहिल्या मैलात माझ्या लक्षात आलं की माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे. दुसऱ्या मैलात धुळीने दोन्ही कान सारखे झाले. माझ्या डोक्याच्या वर आरशात नऊ बायका दिसत होत्या, आणि त्या मला पाहून पदरात तोंड घालून हसत होत्या. तिसऱ्या मैलाला त्यांनी लग्नाची गाणी सुरू केली आणि त्यांत माझं नाव घातलं. पिकअपचे ते वाढवलेले पाटे प्रत्येक खड्ड्याला त्यांना वीतभर उडवत होते, त्यामुळे गाण्याला ठेका चांगला आला होता.

कोनला पोचलो तेव्हा मालू धावत आली. तिने कपाट पाहिलं, आरसा पाहिला, आरशात स्वतःला पाहिलं आणि मैनाच्या गळ्यात पडून रडायला लागली. दोघी रडत होत्या आणि हसतही होत्या. हौसाबाई चिरनेरहून आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी चार पावलं मागे जाऊन स्वतःला पायापर्यंत बघितलं, वळून बघितलं आणि मान डोलावली. मग म्हणाल्या, "न हा बुवा फुडं कशाला बसलाय?"

"तो आमचा जावई," सासरेबुवा म्हणाले. "कपाटाबरोबर आलाय."

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, मला उठता येईना. मैना आली. एवढ्या माणसांत तिने पदराने माझा चेहरा पुसला आणि म्हणाली, "आणलात हो तुम्ही." खरं सांगतो, बारा वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतकं बरं बोललेलं नाही. मी तिथेच आणखी थोडा वेळ बसून राहिलो.

सॉलोमन ट्रेलर तिथेच सोडून मोकळ्या पिकअपने पळाला. टणक पाट्यांनी त्याचं डोकं आणखी सात वेळा टपाला लागलं, पण झिल्पाबाईंचा दिवा लागला तेव्हा तो दारात होता.

त्या लग्नानंतर आसपासच्या गावांतून अंगभर आरशाची टूम निघाली. एके संध्याकाळी कळंबोलीचा महादेव आमच्याकडे आला. त्याच्या बहिणीचं कपाट न्यायचं होतं आणि सॉलोमनने त्याला माझ्याकडे धाडलं होतं. मी खूश झालो. त्याला बसवलं, पुस्तक काढलं आणि पाटे, टायर, ओझं या विषयांवर पाऊण तास बोललो. सस्पेन्शन हा शब्द अकरा वेळा वापरला. महादेवाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग आत स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "वैनी, सायेब रविवारी मोकळं हाईत ना? का कामान असतील तर ऱ्हाऊ दे. आमच्या आंगणान वाटणाचा एक दगडी रगडा पडलाय, त्योच फुडं टाकतो."

"रगडा नको हो, महादेवभाऊ," मैना आतून म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याविषयी अभिमान होता, तो मी आजही विसरलेलो नाही. "रगड्याला हात नसतात. यांना आहेत."

रविवारी सकाळी सात वाजता मी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला जाऊन बसलो. महादेवाने मला दोन ठिकाणी दोरीने बांधून घेतलं. मी म्हटलं, "अरे, याची काही गरज नाही." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे सायेब, दोरी रगड्यासाठी आणलीच व्हती."