लांजेवार सरांचा काहून तास

वर्गात बाकावर उभा केलेला मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. काळा कोट, पांढरा पायजमा, दोन्ही हातांनी स्वतःचेच कान धरलेले, आणि खाली अख्खा चौथीचा वर्ग टाळ्या पिटतो आहे.

मी त्याच वर्षी जूनमध्ये त्या शाळेत शिकवायला लागले होते. यजमानांची रेल्वेत बदली झाली म्हणून साताऱ्याहून थेट नागपुरात आलेली. लकडगंजातली आमची शाळा आरामशिनींच्या शेजारी होती, त्यामुळे गणितापासून प्रार्थनेपर्यंत सगळ्याला लाकूड चिरण्याची साथ. माझ्या आणि लांजेवार सरांच्या वर्गांमध्ये फळ्यांचं पार्टिशन होतं, त्यातली एक फळी निसटलेली. पहिल्याच शनिवारी पलीकडे दंगल उसळल्यासारखा आवाज आला. मी फटीला डोळा लावला तर हा देखावा. धावत हेडमास्तरांकडे गेले. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "घाबरू नका बाई. त्यांना उत्तर आलं नसेल."

भानगड अशी होती. साताऱ्यात ज्याला आम्ही 'का' म्हणतो, त्याला नागपुरात 'काहून' म्हणतात. लांजेवार सरांनी शनिवारचा शेवटचा तास त्या शब्दाला देऊन टाकला होता. त्या तासाला मास्तरांनी काही विचारायचं नाही, मुलांनी विचारायचं. प्रत्येक प्रश्नात 'काहून' पाहिजे, आणि ज्याला उत्तर येणार नाही त्याने बाकावर उभं राहायचं. उत्तरं एकटे सरच देत असल्यामुळे बाकावरही तेच असायचे. पाण्यात काडी वाकडी काहून दिसते, हे त्यांना येत असे. मांजर काहून घुरघुरते, इथे ते बाकावर चढत.

त्या काळी नवीन शिक्षणपद्धतींचं मोठं वारं सुटलं होतं. उन्हाळ्यात शिबिरं भरत, तिथे तक्ते, चित्रं आणि बालकेंद्री शिक्षणावर व्याख्यानं होत. बाकीचे शिक्षक शिबिराहून येताना प्रवासभत्ता घेऊन आले, लांजेवार सर वेड घेऊन आले. छडीची त्यांनी मोजपट्टी केली. भूमिती शिकवायला पोरांना ओंडक्यांवर बसवलं. फळ्यावर आधी 'मले' लिहायचे, शेजारी 'मला' लिहायचे, आणि सांगायचे की पहिला शब्द घरचा, दुसरा पुस्तकातला, दोघांची ओळख करून द्या, भांडण लावू नका. वर जो येईल त्याला ऐकवत, "पोरगं बोललं पाहिजे, बाई. मास्तर त बोलतेच."

मला हे सगळं फार आवडू लागलं होतं. नुसतं आवडणंच नव्हे, दर शनिवारी मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन घालून फळीच्या फटीशी उभी राहायची. बोलण्यात मात्र मी साताराच राखला होता. 'घंटा वाजते आहे'ऐवजी 'घंटा वाजून राहिली' असलं वाक्य आपल्या तोंडून कधी निघणार नाही, असा माझा निश्चय होता.

सरांची आणखी एक खोड होती. शाळा सुटली तरी ते घरी जात नसत. बाक सरळ करत, कुंड्यांना पाणी घालत, फळा पुसून पुन्हा पुसत. चपराशी गुलाबराव किल्ल्या वाजवत दारात उभा राही, तेव्हा कुठे निघत. मी चिडवायची, घरी वहिनींचा एवढा धाक आहे का म्हणून. ते हसत आणि डस्टर झटकत.

पुढे तक्रारी येऊ लागल्या. गांधीबागेतले एक कापडवाले तर तणतणत आले. त्यांच्या पोरीने भर गिऱ्हाइकात विचारलं होतं, "बाबूजी, कापड मोजताना तुमी बोट काहून आत धरता?" हेडमास्तर बिचारे भले गृहस्थ, पण तक्रारीला भिणारे. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की शिक्षणखात्याचे नवे साहेब तपासणीला येत आहेत, शनिवारीच. त्यांनी नाक मुरडलं तर हा तास कायमचा बंद, त्या वेळात पाढे घ्यायचे. दिवसभर सरांचा चेहरा एवढासा झाला होता. मला तेव्हा वाटलं, एका तासासाठी माणसाने इतकं का लावून घ्यावं मनाला.

साहेब रत्नागिरीकडचे, नागपुरात नवेच. देह भारदस्त, चष्मा सोनेरी. शनिवारी सरांच्या वर्गातल्या वेळापत्रकापुढे उभे राहून त्यांनी वाचलं, 'काहून तास, आधुनिक पद्धत.' ते हेडमास्तरांकडे वळले. फळीपलीकडून मला एकेक शब्द ऐकू येत होता.

"काहून हे कोणत्या देशाचे?"

हेडमास्तरांनी ठोकून दिलं, "जर्मनीचे, साहेब."

"वाटलंच मला. वाचलंय मी त्यांचं. मुलांच्या कुतूहलावर त्यांचा भर आहे."

साहेब प्रसन्न होऊन खुर्चीत बसले. तास वाचला होता, अगदी फुकटात वाचला होता. लांजेवार सरांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण पोरगं बोललं पाहिजे म्हणणाऱ्याच्या वर्गात गप्प कोण बसणार? मैना नावाची एक मुलगी होती, आरामशिनीवर काम करणाऱ्या बापाची. ती उठली.

"सर, जर्मनीत भी काहून म्हणतेत काय?"

वर्ग खदखदून हसला. साहेबांनी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. आणि लांजेवार सर, ज्यांचं सगळं पणाला लागलं होतं, ते पुढे झाले. त्यांनी सरळ सांगितलं की काहून हा माणूस नाही, शब्द आहे, त्याचा अर्थ 'का', आणि तो जर्मनीचा नसून या मुलांच्या घरातला आहे.

मैना अजून उभीच होती.

"साहेब, काहून नावाचा माणूसच नाई, त तुमी त्याचं वाचलं म्हणून काहून सांगतलं?"

मी डोळे मिटून घेतले. तास गेला, सरही गेले, असं मनात म्हटलं. तेवढ्यात बाक करकरला. पाहते तर साहेबांनी बूट काढून बाजूला ठेवले होते आणि हेडमास्तरांच्या खांद्याचा आधार घेत ते बाकावर चढत होते. वर पोचून त्यांनी दोन्ही कान धरले. पोरांनी जो टाळ्यांचा कडकडाट केला, त्याला माझ्या वर्गानेही कारण न कळता साथ दिली, आणि मीही दिली, खोटं कशाला सांगू.

खाली उतरल्यावर साहेब घाम पुसत हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "हा तास चालू ठेवा. आणि त्या जर्मनाला माझा नमस्कार सांगा."

शाळेत त्या दिवशी दिवाळी होती. हेडमास्तरांनी स्वतःच्या खिशातून संत्रा बर्फी मागवली. सगळे पांगले, आणि लांजेवार सर नेहमीप्रमाणे कुंड्यांपाशी. मी म्हटलं, आज तरी लवकर घरी जा, साहेब बाकावर चढले हे वहिनींना सांगा.

त्यांनी झारी खाली ठेवली.

"ती नाई आता, बाई. दोन वर्सं झाली." मग थोडं थांबून म्हणाले, "शिकली नव्हती. दिवसभर काहून काहून करे. चंद्र आपल्यासंगं काहून चालते, पोळी काहून फुगते. मी मास्तर माणूस, अन् मलेच येत नव्हती उत्तरं. मंग तिले म्हणो, चूप राय."

ते पुढे म्हणाले, "आता कितीबी उशिरा जा, काहून उशीर झाला म्हणणारं घरात कोणी नाई."

रविवारभर मला घास गोड लागला नाही. चिडवलेलं सगळं आठवत राहिलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी फाटकाशी थांबले. उन्हं उतरली. गुलाबरावाच्या किल्ल्या वाजल्या, सर कोट झटकत बाहेर आले. मी पदर खोचला आणि साताऱ्याचा सगळा निश्चय गुंडाळून ठेवला.

"काहून उशीर करून राहिले, सर?"

ते जागच्या जागी थबकले. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर्गाकडे पाहिलं, उत्तर शोधल्यासारखं. मग पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि फाटकाशी गुलाबरावाचं बाकडं होतं त्यावर चढून उभे राहिले. कान धरले. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच वाहू दिले.

वरूनच म्हणाले, "उद्या भी विचारजा, बाई."